गावाचं मैदान: मुरूम शेवटी, सातबारा आधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गावाला लागून दोनेक एकर मोकळी जागा आहे, माती काळी, अर्ध्या भागात बेशरमची झुडपं आणि येडी बाभूळ माजलेली. वीस-बावीस पोरं उन्हाळाभर श्रमदान करायला तयार आहेत. वर्गणीतून सत्तर-ऐंशी हजार उभे राहतील. जेसीबी लावून जागा सपाट केली, वर मुरूम टाकला, तर १५ ऑगस्टला मैदान खुलं होईल का, आणि मुरूम किती लागेल?

मुरमाचं गणित खाली देतो. पण यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या गावांत तरुण मंडळांसोबत हे काम बरीच वर्षं करतोय, आणि मुरूम कमी पडला म्हणून बसलेलं मैदान क्वचितच पाहिलंय. मैदानं बसतात ती घाईच्या क्रमामुळे. मे महिन्यात जेसीबी, जूनच्या पहिल्या आठवड्यात मुरूम, जुलैत चिखल आणि दिवाळीपर्यंत पुन्हा तरोट्याचं तण. म्हणून माझं म्हणणं एकच: येणारा पावसाळा त्या जागेवरून मुरमाशिवाय जाऊ द्या. कागद आणि साफसफाई आत्ता, उतार आणि नाली जूनच्या आधी, मुरूम दिवाळीनंतर. १५ ऑगस्टऐवजी २६ जानेवारी धरा.

आधी कागद. तुम्ही जागा "गावाची" म्हणता, पण जिल्हा लिहिला नाही, आणि इथे जिल्ह्याने फरक पडतो. पटवाऱ्याकडून (शासनाच्या कागदावर ते आता ग्राम महसूल अधिकारी झालेत) त्या सर्व्हे नंबरचा सातबारा काढा आणि भोगवटादार व इतर हक्क या रकान्यांत काय लिहिलंय ते वाचा. अमरावती विभागात असाल तर बहुतेक ई-क्लास, म्हणजे गायरान निघेल. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, तेव्हापासून गायरानाच्या बाबतीत महसूल खातं कडक झालंय. तिथे पोरं खेळली तर कोणी काही म्हणत नाही. पण पक्की भिंत, खोली, स्टेज बांधायला गेलात की ते अतिक्रमणच, मग हेतू कितीही चांगला असो. त्यासाठी तहसीलमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर मागणी करावी लागते.

नागपूर विभागात असाल तर आणखी जपून. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत महसुली कागदावर "झुडपी जंगल" असा शेरा असलेल्या जमिनी आहेत. झाड एक नसेना, सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात या जमिनी वनच धरल्या. तिथे वनेतर कामाला १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली परवानगी लागते. असा शेरा निघाला तर जेसीबी आत घालू नका. उद्या गुन्हा नोंदला गेला तर तो ज्याच्या नावाने जेसीबी भाड्याने घेतला त्या पोरावर येतो, आणि त्याच पोराला पोलीस भरतीला जायचं असतं.

जागा जिल्हा परिषद शाळेची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शिक्षण विभागाची लेखी संमती. आणि "आमच्या आजोबांनी गावाला दिली होती" अशा प्रकारची असेल, तर बक्षीसपत्र नोंदलेलं आहे का ते पाहा. नसेल तर मैदान चांगलं झालं की नातू येतो. वाईट माणूस म्हणून येतो असं नाही. रस्त्यालगतच्या सपाट जमिनीचा भाव त्यालाही कळतो.

कागद ठीक असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या. ठरावात सर्व्हे नंबर, चतुःसीमा, "खेळाचे मैदान म्हणून वापर" हे शब्द आणि देखरेख कोण करणार हे येऊ द्या. नुसतं "तरुणांच्या मागणीवर चर्चा झाली" असं लिहिलेला ठराव पुढे कुठल्याच टेबलावर चालत नाही. सचिव घाईत असतात. मसुदा तुम्हीच लिहून न्या.

आता ज्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही ते. दोन एकर मोकळी जागा गावात रिकामी कधीच नसते. सकाळी ढोरकी तिथे ढोरं गोळा करत असेल. पोळा तिथेच भरत असेल. सोयाबीन निघाल्यावर कोणाचं थ्रेशर तिथे लागतं, कोणाचं कुटार तिथे पडतं, लग्नाचा मांडव तिथेच पडतो, आणि काही गावांत शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, दाणसुद्धा. या लोकांना वगळून तारेचं कुंपण घातलं तर महिनाभरात तार तुटते, आणि ती कोणी तोडली ते सगळ्या गावाला माहीत असूनही कोणी सांगत नाही. एका गावात ढोरकी सभेत उभा राहून एवढंच म्हणाला, "ढोरं कोठी न्याची आता आमी?" त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. शेवटी पूर्वेकडची दहा-बारा मीटरची पट्टी ढोरांच्या वाटेला सोडली आणि वाद मिटला. तुम्हीही नकाशा काढताना अशी पट्टी आणि पोळ्याचा कोपरा आधी आखा. पोळ्याचं तोरण जिथे लागतं ती जागा तर हलवूच नका. तिच्यावरून होणारं भांडण मैदानाचं राहत नाही, पाटलांचं आणि मानाचं होतं.

आता माती. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये तिला पडणाऱ्या भेगांत मनगट जातं हे तुम्हाला सांगायला नको. भेगाळलेल्या जमिनीवर मे महिन्यात मुरूम टाकला की थोडा भेगांत जातो, उरलेला पहिल्या मोठ्या पावसात फुगलेल्या मातीत रुततो, आणि चिखल वर येतो. शिवाय जेसीबीवाला उंचवटा खरडून खड्ड्यात ढकलतो. दिसायला जागा सपाट होते, पण खड्ड्यातली माती भुसभुशीत राहते आणि पावसाळ्यात तीच नेमकी खाली बसते. तळं होतं ते तिथेच. आणखी एक कारण साधं आहे: मुरूम दाबायला पाणी लागतं. मे महिन्यात गावात टँकर चालू असताना मैदानावर पाणी मारणारं मंडळ लोकांना आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे. दिवाळीनंतर विहिरींना पाणी असतं, जमिनीत ओल असते, पुण्या-नागपूरला कामाला गेलेली पोरंही घरी आलेली असतात. कापूस वेचणीमुळे हात कमी मिळतील खरे, पण मुरमाच्या कामाला हातांपेक्षा ट्रॅक्टर आणि रोलर जास्त लागतो.

हे काळ्या मातीपुरतं. झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) किंवा जिथे वरच्याच थराला पिवळी, मुरमाड जमीन आहे तिथे मधला पावसाळा जाण्याची वाट पाहायची गरज नाही. तिथे उतार आणि झाडोरा एवढंच काम. हातभर खोल चार खड्डे करून पाहा. काळी माती किती खोल आहे ते कळेल आणि पुढचा निम्मा खर्चही त्यावरूनच ठरेल.

मैदान सपाट नको, उताराचं हवं. १०० मीटरला १ मीटर एवढा उतार खेळताना जाणवत नाही, पण पाण्याला पुरतो. मध्य उंच ठेवून दोन्ही बाजूंना उतार दिला आणि मध्यापासून काठ ३० मीटरवर असेल, तर काठ मध्यापेक्षा ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट खाली हवा. हे डोळ्याने ठरवू नका. काळ्या जमिनीवर डोळा हमखास फसतो. गवंड्याकडे पारदर्शक लेव्हलची नळी असते ती मागा, चाळीस-पन्नास फुटांची. तिच्यात पाणी भरा, मध्ये एकही बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर दोन्हीकडची पातळी खोटी दाखवते. एकाने नळीचं टोक मधल्या खुंटीला धरायचं, दुसऱ्याने पुढच्या खुंटीला. पाणी हलायचं थांबलं की दोन्ही खुंट्यांवर रेघ मारायची आणि रेघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. दोन अंतरांतला फरक म्हणजे जमिनीचा फरक. दर दहा मीटरला असं करत गेलात तर दोन सकाळींत पूर्ण जागेचा चढउतार वहीत येतो. ही वही हातात असेल तर जेसीबीवाल्याला "इथे सहा इंच काढ, तिथे हात लावू नको" असं सांगता येतं. नसेल तर तो त्याच्या मनाने करतो आणि तासाचे पैसे तुम्ही देता.

कडेने दीड-दोन फूट खोल नाली काढा आणि तिचं तोंड नाल्याकडे किंवा पांदणीच्या चरात सोडा, कोणाच्या वावरात नाही. नालीची माती मैदानाच्या बाहेरच्या अंगाला बांधासारखी टाकली तर ढोरांनाही थोडा अडसर होतो.

पोरांच्या श्रमदानाला खरं काम आहे ते झाडोऱ्याचं. येडी बाभूळ नुसती तोडली तर त्याच बुडातून पुन्हा फुटते. सब्बल-टिकास घेऊन बूड मुळासकट काढा. बेशरमचा तुकडा ओल्या जागी पडला की तिथेच मूळ धरतो, म्हणून ती तोडून नाल्यात फेकायची नाही, उन्हात कडक वाळवायची. गाजर गवत फुलावर येण्याआधी उपटायचं, हातमोजे घालून आणि तोंडाला दुपट्टा बांधून. ज्यांना दम्याचा किंवा खाजेचा त्रास आहे त्यांना त्या दिवशी दुसरं काम द्या. येडी बाभळीचा काटा चपलेच्या आरपार जातो, त्यामुळे स्लीपरवर कोणालाही आत सोडू नका. ढिगारे उचलताना आधी काठीने हलवायचे, साप-विंचवासाठी.

वेळ सकाळी सहा ते नऊ. पारा ४५ च्या वर जातो त्या दिवसांत दहानंतर काम म्हणजे शौर्य नाही, सलाइन आहे. आणि रोज काम ठेवू नका. २०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत आपल्याकडच्या कितीतरी गावांनी ४५ दिवस सलग श्रमदान केलं. पण तिथे स्पर्धा होती, शेवटची तारीख होती, गाव विरुद्ध गाव अशी ईर्षा होती. तुमच्याकडे ती नाही. बावीस पोरं तिसऱ्या आठवड्यात आठ होतील, हे आत्ताच धरून चाला. आठवड्यातून दोन सकाळी ठरवल्या तर ती आठ-दहा पोरं शेवटपर्यंत राहतात. न आलेल्यांची नावं ग्रुपवर टाकायची पद्धत मला आवडत नाही. त्याने आलेले वाढत नाहीत, आणि न आलेला कायमचा जातो.

आता मुरूम. पूर्ण दोन एकर म्हणजे ८७,१२० चौरस फूट. त्यावर दाबून चार इंच थर द्यायचा तर २९० ब्रास लागतो (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून आणताना पाव हिस्सा जास्त, म्हणजे ३६० ब्रासच्या आसपास. ट्रॉलीत साधारण एक ब्रास धरा आणि तुमच्याकडचा ट्रॉलीचा भाव लावून पाहा. तुमच्या ऐंशी हजारांत हे बसत नाही.

बसवायची गरजही नाही. तुमच्या पोरांना मैदान कशाला हवंय? निम्मी पोरं पोलीस आणि अग्निवीर भरतीची तयारी करणारी असणार. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. ही पोरं आज पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर धावतात, आणि मागून रेतीचा टिप्पर येतो. त्यांच्यासाठी २०० मीटरची धावपट्टी करा: दोन सरळ बाजू ४३.४ मीटरच्या, दोन अर्धवर्तुळं १८ मीटर त्रिज्येची. मध्यबिंदूला खुंटी ठोकून दोरीने आखता येते. आठ फेऱ्या म्हणजे १६०० मीटर, चार म्हणजे ८००. पट्टी अडीच मीटर रुंद केली तर सगळी मिळून जागा सुमारे ८४ बाय ४१ मीटर, म्हणजे एकराच्या आत. पट्टीच्या आतल्या मोकळ्या जागेत व्हॉलीबॉल (मैदान १८ बाय ९ मीटर, चारी बाजूंनी ३ मीटर मोकळं) आणि कबड्डी शेजारी शेजारी आरामात बसतात.

मुरूम फक्त धावपट्टी आणि व्हॉलीबॉलला. पट्टीचे सुमारे ५०० चौरस मीटर आणि व्हॉलीबॉलचे ३६०, मिळून दाबलेला ३१ ब्रास, म्हणजे आणायचा ४० च्या आत. हे आवाक्यातलं आहे. कबड्डीला मुरूम टाकू नका, गुडघे आणि कोपरं सोलून निघतात. तिथे १३ बाय १० मीटर आणि भोवती थोडी जागा चाळलेल्या पिवळ्या मातीची करा. खो-खोलाही तसंच, २७ बाय १६ मीटर, सूर मारणाऱ्याला माती मऊच हवी. गोळाफेकीचा कोपरा असा निवडा की गोळा पडतो त्या बाजूने कोणाची येजा नसेल. ७.२६ किलोचा गोळा आहे तो.

मुरूम दोन थरांत टाका, प्रत्येक थर पसरवून, पाणी मारून, दाबून. ओल किती हवी ते मुठीवर कळतं. मूठभर मुरूम दाबला की गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. गोळा होत नसेल तर पाणी कमी, बोटांतून गळत असेल तर एक दिवस थांबा. ट्रॅक्टर फिरवून दाबलेला मुरूम चाकोरीत दबतो आणि मध्ये पोकळ राहतो. आसपास रस्त्याचं काम चालू असेल तर त्या ठेकेदाराला भेटा. रोलर रात्री उभाच असतो, डिझेल आणि ड्रायव्हरच्या भत्त्यावर एक दिवस मिळू शकतो. मुरूम मात्र तहसीलची गौण खनिजाची परवानगी आणि स्वामित्वधनाची (रॉयल्टीची) पावती असलेलाच आणा. "गावच्या कामाला कोण विचारतं" म्हणून टेकडी पोखरली, तर ट्रॅक्टर जप्त होतो, आणि तो ट्रॅक्टर वर्गणी देणाऱ्याचाच असतो.

पावसाळ्यातलं काम फार थोडं पण सगळ्यात मोलाचं. मोठा पाऊस उघडला की दोन-तीन तासांनी जायचं, जिथे पाणी साचलंय तिथे बांबूची खुंटी ठोकायची आणि फोटो काढायचा. ऑगस्टपर्यंत खुंट्यांची जागा पक्की होते. दिवाळीनंतर आधी तेच खड्डे भरायचे आणि मग थर द्यायचा. कुठल्या कोपऱ्यातून बंड्या (बैलगाड्या) जातात, लोक पायवाट कुठून पाडतात, हेही त्याच महिन्यांत दिसतं. पायवाट जिथे आपोआप पडली तिथेच वाट ठेवा. अडवून काही होत नाही.

पैशांबद्दल: जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात क्रीडांगण विकास अनुदानाची चौकशी करा. रोजगार हमीच्या कामांतही खेळाचं मैदान बसत आलंय, सध्याचे निकष ग्राम रोजगार सेवकाला विचारा. पण एक लक्षात ठेवा: शासनाचा पैसा झालेल्या कामावर मिळत नाही. अंदाजपत्रक, मंजुरी, मग काम, मग मोजमाप असा तो क्रम आहे. म्हणून श्रमदानातलं आणि अनुदानातलं काम आधीच वेगळं करा. झाडोरा, मोजणी, उतार, नाली, कबड्डीची माती तुमची. मुरूम आणि रोलर अनुदानाला ठेवा, ते नाहीच आलं तर वर्गणीतून. वर्गणीतला एक तृतीयांश मात्र राखून ठेवा, पहिल्या पावसानंतर हात फिरवायला तो लागतोच. हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर पंधरवड्याला, नावासकट. ओपन जिमची यंत्रं कोणी देऊ केली तर घाईने हो म्हणू नका. ती फोटोला चांगली दिसतात, बेअरिंग गेलं की दुरुस्तीला कोणी येत नाही.

तुमच्या बावीस जणांत मुलगी एकही दिसली नाही. मैदान झाल्यावर मुलींना बोलावू असं म्हणाल तर त्या येणार नाहीत, कारण तोवर ते पोरांचं झालेलं असेल. खो-खोचं मैदान गावाकडच्या अंगाला आखा, जिथून घरं किंवा अंगणवाडी दिसते. संध्याकाळी साडेचार ते सहा त्यांची वेळ ग्रामसभेच्या ठरावातच लिहा आणि आखणीच्या दिवशी शाळेतल्या बाईंना सोबत घ्या. क्रिकेटवाले कुरकुरतील. टेनिस बॉलची टूर्नामेंट पूर्ण मैदान अडवते, म्हणून ती कोणत्या महिन्यात, किती दिवस, हेही त्याच ठरावात येऊ द्या.

तर क्रम असा: सातबारा आणि ठराव, ढोरकी आणि पोळ्याची जागा, झाडोरा, नळीने मोजणी, उतार आणि नाली, पावसाळ्यात खुंट्या, दिवाळीनंतर मुरूम. १५ ऑगस्टला काहीतरी हवंच असेल तर खो-खोची माती तेवढी तयार ठेवा, पाऊस उघडा असला तर शाळेच्या मुलामुलींचा सामना तिथे होऊ शकतो.

सातबारावर काय निघतं ते लिहा, जिल्ह्यासकट. झुडपी जंगल निघालं तर वरचं मुरमाचं गणित बाजूला ठेवून शाळेच्या आवारात काय बसतं ते पाहावं लागेल. त्यासाठी आवाराची लांबी-रुंदी आणि पाणी कुठल्या बाजूला जातं, एवढं आत्ताच मोजून ठेवा.